न पेरलेल्या भाज्यांचे प्रदर्शन

९ ऑगस्टच्या आसपास यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी कृषी विभागाचे एक प्रदर्शन भरते. पंचायत समितीचे सभागृह, बाजार समितीचे शेड किंवा एखादे मंगल कार्यालय, जागा कुठलीही असो, आत लांब टेबले लावलेली असतात आणि त्यांवर पळसाच्या पानांत, टोपल्यांत, स्टीलच्या ताटांत भाज्या मांडलेल्या असतात. काटवल, तरोटा, कुरडू, केना, बांबूचे वास्ते, धोपा (अळू), फांजी, घोळ, नशीब असेल तर एखाद्या टोपलीत सात्या. यातले बहुतेक कोणी पेरलेले नसते, त्याला कोणी खतपाणी घातलेले नसते. हा रानभाजी महोत्सव. बघायला येणारा माणूस टेबलांवरून नजर फिरवतो, चार जुड्या विकत घेतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि निघतो. त्या टेबलापर्यंत भाजी येते कशी, तिच्यामागे कोणाचे किती ज्ञान उभे असते आणि हे प्रदर्शन चांगले भरवायचे तर काय सांभाळावे लागते, ते इथे क्रमाने सांगतो.

राज्याच्या कृषी विभागाने हा उपक्रम २०२० मध्ये महाराष्ट्रभर सुरू केला. त्यासाठी ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन निवडला. १९८२ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक जिनिव्हात झाली होती, म्हणून १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस ठरवला. महोत्सवाचे काम प्रत्यक्षात तालुका कृषी अधिकारी कार्यालय आणि ‘आत्मा’, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, यांच्याकडे असते. महिला बचत गट हे त्याचे हातपाय. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. रानभाज्यांच्या दृष्टीने केळापूर, घाटंजी, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव हा पट्टा विशेष श्रीमंत आहे. इथे सागाचे जंगल आहे, नाले आहेत, बांबूची बेटे आहेत आणि मुख्य म्हणजे ही झाडे ओळखणारी कोलाम, गोंड, परधान, आंध समाजाची माणसे आहेत. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. त्यांच्या वस्त्यांना पोड म्हणतात, आणि पोडावरून आलेल्या बाईच्या टोपलीत जे निघते ते इतर टेबलांवर सहसा नसते.

हे प्रदर्शन बाकीच्या कृषी प्रदर्शनांहून मुळातच वेगळे आहे. आपल्या वऱ्हाडाला मोठ्या प्रदर्शनांची परंपरा आहे. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या २७ डिसेंबरच्या जयंतीला धरून आजही प्रदर्शन भरवते. इंग्लंडमधल्या खेड्यांत उन्हाळ्याच्या शेवटी फुला-भाज्यांचे प्रदर्शन असते. तिथे एका ताटात एकसारखे कांदे मांडतात आणि परीक्षक त्यांचा घेर, रंग, सारखेपणा बघून गुण देतात. या सगळ्या ठिकाणी बक्षीस पिकवणाऱ्याला मिळते. त्याने वाण निवडला, मशागत केली, राखण केली, त्याचे ते श्रेय. रानभाजीच्या टेबलावर मात्र पिकवणारा कोणीच नाही. मग श्रेय कशाचे? ओळखण्याचे, वेळ साधण्याचे आणि शिजवण्याआधी काय करायचे ते माहीत असण्याचे. म्हणून माझ्या मते इथे खरी मांडलेली वस्तू भाजी नसून तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईचे ज्ञान असते. आयोजनातला प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर तपासून बघावा.

तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू होते. कृषी विभागाचे गावोगावचे कर्मचारी बचत गटांना निरोप देतात. इथे पहिली चूक होते ती सगळ्यांना एकच निरोप देण्यात. मग वीस टेबलांवर वीसदा तरोटा येतो. गटांची एक छोटी बैठक घेऊन कोण काय आणणार हे वाटून घेतले तर तेवढ्याच जागेत तिप्पट प्रकार दिसतात. जंगलालगतच्या गावांनी वास्ते, काटवल, सात्या, फांजी आणावी. काळ्या जमिनीच्या कापूसपट्ट्यातल्या गावांनी शेतातल्या भाज्या आणाव्यात: केना, कुरडू, घोळ, कुंजर. परसातल्या भाज्यांसाठी वेगळे टेबल हवे, कारण शेवगा, अंबाडी, धोपा यांना रानभाजी म्हणावे का यावर दरवर्षी वाद होतो. अंबाडी आपण धुऱ्याकाठी पेरतो, धोपा मोरीच्या पाण्यावर लावतो. माझ्या मते वाद घालण्यापेक्षा रान, शेत आणि परस असे तीन विभाग करावेत आणि प्रत्येक भाजीला तिच्या घरात बसवावे.

काय येणार हे शेवटी पाऊस ठरवतो. मृगाचा पाऊस पडला की तरोटा सगळ्यांत आधी उगवतो, आणि तो खायचा जून-जुलैत, चार-सहा पानांवर असताना. ९ ऑगस्टपर्यंत त्याची खालची पाने निबर झालेली असतात. तेव्हा फक्त शेंडे खुडून आणावे लागतात. कुरडूला गुलाबी-पांढरी कणसे फुटायच्या आत गाठायचे. केना पावसाळाभर मिळतो. बांबूचे वास्ते जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतून वर येतात आणि एकदा का ते हातभर उंच झाले की भाजीच्या कामाचे राहत नाहीत. सात्यांचा तर नेमच नाही. दमट उकाड्याचे दोन-चार दिवस जुळून आले की त्या उगवतात.

सात्यांविषयी थोडे थांबून सांगतो, कारण या प्रदर्शनातली ती सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. ही अळंबी वाळवीच्या वारुळावर येते. वाळवी कुजके लाकूड, वाळले गवत आणून वारुळाच्या पोटात त्याची कपारी-कपारींची रचना करते आणि तिच्यावर ही बुरशी वाढवते. ती बुरशी लाकडाचे न पचणारे भाग फोडते आणि वाळवीला अन्न मिळते. पावसाळ्यात तीच बुरशी लांब मुळासारखा दांडा वर सोडते आणि जमिनीवर छत्री उघडते. माणसाला ही अळंबी धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही, कारण वाळवीचे काम आपल्याला करता येत नाही. म्हणून सात्या कुठे उगवतात हे ठाऊक असणे ही घराण्याची ठेव असते. प्रदर्शनात सात्या मांडताना नुसत्या वरच्या छत्र्या खुडून आणू नयेत, निदान एक तरी त्या लांब दांड्यासकट उपटून आणावी. ओळख त्या दांड्यात असते. आणि अळंबीच्या टेबलाला एक कडक नियम लावावा. जी बाई स्वतः ती गोळा करून घरी खाते तिनेच मांडावी, दुसऱ्याकडून आणलेली, ‘बहुतेक चालेल’ अशी अळंबी टेबलावर येऊ देऊ नये. लसूण काळा पडतो का, चांदीचे नाणे काळवंडते का, या परीक्षांवर विषारी अळंबी ओळखता येत नाही.

तोडणीचीही वेळापत्रके आहेत. काटवल आदल्या दिवशी तोडले तरी चालते, ते दोन-तीन दिवस टिकते. वास्ते आदल्या संध्याकाळी काढून सोलू नयेत, वरच्या खोळीसकट ठेवावेत, नाहीतर कापलेली जागा काळी पडते. पालेभाज्या आणि सात्या मात्र त्याच दिवशी पहाटे आणाव्या लागतात. केना तासाभरात मान टाकतो. ओल्या सुती कापडात गुंडाळून टोपलीत आणले तर भाजी दुपारपर्यंत तरतरीत राहते. प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम धरते. प्रत्येक भाजीचे दोन भाग करावेत. विक्रीसाठी खुडलेल्या जुड्या वेगळ्या, आणि मांडणीसाठी एक पूर्ण झाड मुळासकट, फूल किंवा शेंग असेल तर तिच्यासह, पाण्याच्या बाटलीत उभे केलेले. नुसत्या खुडलेल्या पानांवरून नवख्याला काहीच ओळखता येत नाही, आणि अर्धवट ओळख या विषयात धोक्याची असते.

भाजी कुठून तोडली हा प्रश्न यवतमाळात इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक गांभीर्याने विचारला पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ज्या धुऱ्यावर केना आणि घोळ उगवतो त्याच्या शेजारच्या तासात ऑगस्टमध्ये फवारणी सुरू असते. तेव्हा कापसाच्या शेतातली किंवा धुऱ्यावरची भाजी आणताना त्या शेतात आणि शेजाऱ्याच्या शेतात फवारणी कधी झाली हे विचारूनच तोडावी. शंका आली तर सोडून द्यावी. पडीक जमीन, गायरान, जंगलाचा काठ यांतली भाजी बरी. मांडणीच्या चिठ्ठीवर भाजी कुठल्या प्रकारच्या जागेतून आणली हे लिहायची पद्धत पडली तर गिऱ्हाईकाचाही विश्वास बसेल.

याच ठिकाणी एक अवघड गोष्ट समोर येते. केना, कुरडू, कुंजर, घोळ ही नावे कृषी विभागाच्या पुस्तिकांत तणांच्या यादीत असतात आणि महोत्सवात भाज्यांच्या यादीत. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत. कापसाच्या तासात कुरडू माजला तर पीक दबते. पूर्वी निंदणाला आलेल्या बाया तण काढता काढता त्यातले कोवळे निवडून ओटीत घालत आणि संध्याकाळी त्याची भाजी होई. तण निघत होते आणि घरात भाजी येत होती. आता निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळला आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण तणनाशकाने करपलेला केना कोणाच्याच ओटीत जात नाही. ज्या मुलीने निंदण केले नाही तिला केना आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरे गवत यांतला फरक कळणार नाही. महोत्सवात शेतातल्या भाज्यांचे टेबल लहान होत चालले, तर त्याचे कारण शेतात शोधावे लागेल.

आता ओळख आणि चिठ्ठी. प्रत्येक भाजीसमोर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी असते. तिच्यावर काय लिहावे? इथले नाव, कोलामी किंवा गोंडी नाव, राज्यात इतरत्र चालणारे नाव, शास्त्रीय नाव, कुठला भाग खातात, कधी खातात आणि शिजवण्याआधी काय करतात. आपला तरोटा कोकणात टाकळा होतो, आपले काटवल पुण्याकडे कर्टुली होते, म्हणून शास्त्रीय नावाशिवाय भागत नाही. ते तपासायला तालुक्याच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना सकाळी लवकर बोलवावे, उद्घाटनाच्या वेळी पाहुणे म्हणून नव्हे. उद्घाटन झाल्यावर चुकीची चिठ्ठी शेकडो मोबाइलमध्ये गेलेली असते.

चुकीची चिठ्ठी किती महागात पडते याचे एक उदाहरण तरोट्याचेच. त्याचा जवळचा नातलग कासविंदा त्याच पडीक जागेत, त्याच दिवसांत उगवतो, दोघांना पिवळीच फुले येतात. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाला बोथट, गोलसर असतात. कासविंद्याला चार-पाच किंवा त्याहून अधिक जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकदार असते. तरोट्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली, तर कासविंद्याची चपटी आणि रुंद. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले दरवर्षी मेंदू आणि यकृताच्या एका गूढ आजाराने दगावत होती. संशोधनानंतर त्याचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी लागला. तेव्हा दोन्ही झाडे शेजारी शेजारी मांडून, कासविंद्यावर लाल चिठ्ठी लावून फरक दाखवावा, असे मला वाटते. विषारी जोडीदारांचे एक टेबल प्रत्येक महोत्सवात असावे. त्यात कळलावीही असावी. तिची ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले या दिवसांत कुंपणावर फार सुंदर दिसतात, आणि तिचा कंद जीवघेणा असतो. श्रीलंकेत तो रताळे समजून खाल्ल्याने माणसे मेली आहेत. तिची ओळख सोपी आहे. पानाचे टोक ताणून गुंडाळलेले असते आणि त्यानेच वेल आधार पकडते. खाण्याजोग्या कंदांच्या वेलींची पाने बहुधा बदामी आकाराची आणि ठळक शिरांची असतात.

चिठ्ठीवर काय लिहू नये हेही ठरवले पाहिजे. ‘मधुमेह बरा करते’, ‘कर्करोगावर रामबाण’ अशी वाक्ये अनेक प्रदर्शनांत सर्रास दिसतात. ती काढून टाकावीत. भाजीत काय आहे हे सांगायचे तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणमूल्य तक्ते प्रसिद्ध केले आहेत, त्यात असेल तेवढे लिहावे. नसेल तर आजी ती कशी आणि कधी खात होती एवढे लिहिले तरी ते खरे असते.

पाककृतीची स्पर्धा हा महोत्सवाचा सर्वांत गजबजलेला भाग. काटवलाच्या काचऱ्या तेलावर परतलेल्या, तरोट्याची भिजवलेल्या डाळीत केलेली भाजी, केन्याची बेसनातली भजी, अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, रस्सेदार सात्या. बहुतेक पदार्थांच्या मागे एक कारण दडलेले असते आणि ते विचारले तरच कळते. धोप्याच्या भाजीत चिंच का? धोप्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खाजतो. आंबट घालून नीट शिजवले की ती खाज सोसवण्याजोगी होते. वास्ते चिरून पाण्यात भिजवून ते पाणी का फेकतात, पुन्हा उकळून तेही पाणी का ओततात? कोवळ्या बांबूत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, चिरल्याने, भिजवल्याने आणि उघड्या भांड्यात उकळल्याने ते निघून जाते. रसायनशास्त्राने ही नावे फार उशिरा दिली. पोडावरच्या बाईने नाव न देता उपाय त्याआधी कितीतरी पिढ्या शोधला होता.

काटवलाची गोष्ट अशीच. या वेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. फुले दोघींना येतात, फळ फक्त मादीला. जमिनीखाली कंद असतो, तो उन्हाळाभर झोपलेला राहतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो. म्हणून जाणती बाई वेल ओढत नाही, नर वेल निरुपयोगी म्हणून कापत नाही आणि काही फळे पिकून केशरी होऊ देते. आता काटवलाची शेतीही होते. छत्तीसगडच्या कृषी विद्यापीठाने ‘इंदिरा कंकोडा-१’ नावाचा वाण काढला आहे. चांगलेच आहे, त्यामुळे रानातल्या वेलींवरचा भार हलका होईल. पण पेरलेल्या काटवलाला या टेबलावर ‘लागवडीचे’ अशी चिठ्ठी हवी.

परीक्षकांनी गुण कसे द्यावेत याबद्दल माझे ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी चव आणि सजावट यांवर निकाल लागतो आणि तरोट्याचे कटलेट, कुरडूचे रोल अशा नव्या पदार्थांना बक्षीस मिळते. नवे पदार्थ व्हावेत, शहरातली मुले त्यामुळे चव घेतात. तरीही निम्मे गुण ज्ञानाला द्यावेत. परीक्षकाने टेबलाशी थांबून पाच प्रश्न विचारावेत: हे कुठे उगवते, कधी तोडायचे, याच्यासारखे दिसणारे न खायचे झाड कोणते, शिजवण्याआधी काय करतात, पुढच्या वर्षी ते पुन्हा यावे म्हणून काय सोडून देतात. उत्तर कोलामीत आले तरी चालेल, दुभाष्या जवळ ठेवावा. या पद्धतीत बक्षीस कोणाला जाईल हे सांगायला नको. फोटोत मागे उभी राहणारी, पदर सावरत कमी बोलणारी म्हातारी पहिल्या रांगेत येईल.

विक्रीचा भाग साधा आहे. वाटे आणि जुड्या करतात, पैसे थेट बाईच्या हातात जातात, आणि चांगला माल दुपारच्या आत संपतो. मात्र एका दिवसाच्या विक्रीने कोणाचा संसार चालत नाही. श्रावणभर आठवडी बाजारात रानभाजीसाठी एक ठरलेली ओळ राखून ठेवली तर उपयोग होईल, आणि ते नगरपंचायतीला सहज जमण्यासारखे आहे. मागणी वाढली की जंगलावर ताण येतो, त्याचाही विचार आत्ताच हवा. एका बेटातले सगळे वास्ते कापले तर पुढे बांबूच राहणार नाही, म्हणून काही सोडायचेच. वनहक्क कायदा २००६ ने आदिवासी आणि परंपरागत वननिवासींना गौण वनोपजाचा हक्क दिला आहे आणि त्यात बांबू, कंदमुळेही येतात. टिपेश्वरसारख्या अभयारण्यात मात्र नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथून काही आणण्याचा मोह आवरलेला बरा.

तारखेमुळे काय राहून जाते, हेही बघितले पाहिजे. कंद दिवाळीनंतर तयार होतात. चिवळ उन्हाळ्यात चांगली मिळते. कुड्याची पांढरी फुले पावसाच्या आधी येतात. आणि मोह, ज्याच्याशिवाय या पट्ट्यातला उन्हाळा पुरा होत नाही, तो मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पहाटे झाडाखाली टपटपतो. मांसल, गोड फुले वेचून वाळवली की मनुक्यासारखी वर्षभर टिकतात, त्यांची भाकर, लाडू होतात. झाडाखालची जागा साफ करण्यासाठी पाला जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरली तर आगही टळते आणि फुलेही स्वच्छ मिळतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्यावरचे निर्बंध उठवले. मग एप्रिलमध्ये एखाद्या ग्रामसभेने गावातच उन्हाळी प्रदर्शन का भरवू नये? मोहफुले, चारोळी, टेंभरे, शेवग्याची फुले, चिवळ आणि वाळवून ठेवलेल्या पावसाळी भाज्या एवढ्यावर दोन-तीन टेबले सहज भरतात, मांडव एखाद्या मोहाच्याच सावलीत घालता येतो. सरकारी तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रदर्शन संपल्यावर चिठ्ठ्या कचऱ्यात जातात, ते थांबवावे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही एकदा भरून कपाटात गेली आहे. महोत्सवाच्या संध्याकाळी त्या दिवशीच्या चिठ्ठ्या, झाडांचे फोटो आणि सांगणाऱ्या बाईचे नाव, तिची परवानगी घेऊन, त्या नोंदवहीत उतरवावे. गावच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना हे काम दिले तर ती झाडे त्यांनाही ओळखू येतील.

यंदा तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, तारीख तालुका कृषी अधिकारी कार्यालयात कळते. कापडी पिशवी न्या. भाव करू नका. जुडी घेताना ती निवडायची कशी, शिजवायची कशी हे विचारा आणि ऐकून घ्या, कारण ते सांगणारी माणसे कमी होत आहेत. आणि घरी येऊन, फोटो बघून स्वतः रानात भाजी खुडायला जाऊ नका. जायचेच असेल तर त्याच बाईला विचारून, तिच्याबरोबर जा.